दप्तर हलवताना

दप्तर या शब्दाची आणि आपली पहिली ओळख होते ती पाठीवर. पाटी, अंकलिपी आणि डबा कोंबलेली ती पिशवी शाळेत वाहून नेणे हे कर्तव्य आणि घरी आल्यावर कोपऱ्यात भिरकावणे हा आनंद, एवढाच त्या शब्दाचा अर्थ मला बरीच वर्षे ठाऊक होता. इतिहास हा विषय घेतल्यावर कळले की, ही पिशवी मोठ्या घराण्यातली आहे. शब्द मूळचा फार्सी. कुळकर्ण्याचे दप्तर, देशमुखाचे दप्तर, पुण्याचे पेशवे दप्तर. कागद घडी घालून कापडाच्या चौकोनात बांधून ठेवायचे आणि त्या गाठोड्याला रुमाल म्हणायचे. रियासतकार सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग छापून काढले, ते अशाच रुमालांच्या ढिगातून. गंमत अशी की, याच शब्दावरून आपण 'दप्तरी दाखल' असा वाक्प्रचार केला. खरे तर त्याचा अर्थ 'नीट जपून ठेवले' असा व्हायला हवा. आपण मात्र तो 'आता हे पुन्हा कोणी पाहणार नाही' अशा अर्थाने वापरतो. भाषा कधीकधी माणसांचे फार उघडे करते.

२०२४ चा सबंध मे महिना मी अशाच एका दप्तरात काढला. फलटणमधल्या एका सहकारी बँकेला आपले जुने रेकॉर्ड नव्या खोलीत हलवायचे होते आणि त्यासाठी चार मुले हवी होती. बँकेचे नाव सांगण्याचे येथे काही कारण नाही. मी मोडीच्या वर्गाला बसलो होतो, एवढ्या भांडवलावर माझी निवड झाली. रोज चारशे रुपये. घरी आईने गल्लीभर सांगितले की, आमचा मुलगा बँकेत लागला. संध्याकाळी मी घरी येई तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत धुळीने माखलेला असे. चौथ्या दिवशी शेजारच्या आत्यांनी विचारलेच, "बँकेत लागलास का गिरणीत रे?"

जुनी रेकॉर्डरूम जिन्याच्या पाठीमागे होती. सागवानी फळ्यांच्या मांडण्या, त्यांवर खतावण्यांचे थर, त्यांच्यावर मांजरपाटात बांधलेली व्हाउचरची गाठोडी, आणि जागा संपली तेथे सुतळीने तोंड शिवलेली पोती. रोजकीर्दी, कर्जरोखे, जामीनकीचे कागद, नमुना सहीची कार्डे, संचालक मंडळाच्या इतिवृत्तांच्या वह्या, सभासदांचे 'आय' नमुन्यातील रजिस्टर. काही गाठोड्यांत वेखंडाच्या कांड्या निघाल्या. कोणीतरी शहाण्या माणसाने कसर लागू नये म्हणून त्या ठेवल्या होत्या आणि त्या गाठोड्यांतले कागद खरोखरच शाबूत होते. ज्यांत डांबरगोळ्या टाकल्या होत्या त्यांत गोळ्या उडून गेल्या होत्या आणि उरली होती फक्त कागदाची पुडी. खोलीच्या वर मात्र मजल्यावरची मोरी होती. तिचा नळ जेथून खाली उतरत होता त्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल धरे आणि त्या भिंतीलगतची एक सबंध मांडणी आम्ही उचलली तेव्हा तिच्या पाठीमागच्या बाजूला वह्या राहिल्याच नव्हत्या. पुढून पुठ्ठे, शिवण, साल सगळे ठीक. मागे हात घातला की वाळवीची माती. लेखापरीक्षकांनी शेरा मारला होता तो याच भिंतीवरून.

आपल्या फलटणची हवा कोरडी, म्हणजे कागदाला मानवणारी, असा माझा समज होता. तो अर्धाच खरा आहे. कागदाला सोसते ते एकसारखे हवामान. हवेतला दमटपणा पंचेचाळीस ते पंचावन्न टक्क्यांच्या आसपास राहावा आणि उष्णताही फार वर-खाली होऊ नये, असे अभिलेखागारांत मानतात. येथे मे महिन्यात पत्र्याखालची खोली भाजून निघते आणि ऑगस्टमध्ये भिंत पाझरते. कागद फुगतो, आक्रसतो, पुन्हा फुगतो, आणि एके दिवशी घडीवर तुटतो. त्यातून आपला अलीकडचा कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातले आम्लच त्याला आतून खाते. अठराव्या शतकातला जुन्नरी हातकागद आणि त्यावरची काजळीची शाई आजही ठसठशीत असते, आणि १९७४ सालचे व्हाउचर हातात घेतले की पापडासारखे मोडते. टाचणी गंजून तिचा तपकिरी ठसा कागदाला भोक पाडतो. रबरबँड वितळून चिकटतो. चिकटपट्टी तर सर्वांत वाईट. ती निघून पडते, आणि जाताना खालची अक्षरे घेऊन जाते.

नवी खोली तळमजल्यावरच, पण मागच्या मोकळ्या जागेत बांधलेली. छतातून कोणताही पाण्याचा नळ जाणार नाही, हे व्यवस्थापकसाहेबांनी स्वतः उभे राहून पाहिले. तिच्यात कॉम्पॅक्टर बसवले होते. ज्यांनी ते पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. रुळांवर सरकणाऱ्या लोखंडी मांडण्या. एकीला एक चिकटून उभ्या. ज्या मांडणीतले हवे असेल तिच्या तोंडाशी असलेले चाक फिरवायचे, म्हणजे मांडण्या बाजूला सरतात आणि एकच बोळ उघडतो. प्रत्येक दोन मांडण्यांमध्ये वाट सोडावी लागत नसल्यामुळे तेवढ्याच जागेत जवळजवळ दुप्पट कागद मावतो. तोटा एकच. कचेरीच्या साध्या जमिनीचा हिशेब चौरस मीटरला अडीचशे ते चारशे किलोच्या वजनाचा धरलेला असतो आणि ठासून भरलेला कॉम्पॅक्टर त्याच्या कितीतरी पुढे जातो. म्हणून ही यंत्रे वरच्या मजल्यावर चढवायची नसतात. पण तळमजल्यावर ठेवावीत, तर पुराची भीती. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगली शहरात शिरले तेव्हा नदीकाठच्या कित्येक दुकानांच्या आणि कचेऱ्यांच्या तळमजल्यावरचे कागद चिखलात गेले. भिजलेल्या कागदाला दोन-तीन दिवसांत बुरशी येते, आणि पूर काही दोन दिवसांत ओसरला नव्हता. आगीने तर राज्याचे मुख्य ठिकाणही सोडले नाही. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली आणि हजारो फायली जळाल्या. पुढे त्यातल्या कित्येक फायली इतर कचेऱ्यांतल्या प्रती गोळा करून पुन्हा उभ्या कराव्या लागल्या. आमच्या खोलीचे जोते म्हणून दोन फूट उंच बांधले होते, आणि दाराशी पाण्याच्या बादलीऐवजी कार्बन डायऑक्साइडची नळकांडी टांगली होती.

खोली तयार झाली, मांडण्या बसल्या, पेटारे आले. मग खरा प्रश्न पुढे आला. काय न्यायचे आणि काय नाही?

बँकांच्या कागदांना कायद्याने आयुष्य ठरवून दिलेले आहे. १९८५ साली केंद्र सरकारने त्याचे नियम केले. बँकिंग कंपन्यांसाठी वेगळे आणि सहकारी बँकांसाठी वेगळे. काही नोंदवह्या निदान पाच वर्षे ठेवायच्या आणि खतावण्या, व्हाउचर वगैरे निदान आठ वर्षे. 'निदान' हा शब्द महत्त्वाचा, कारण जेथे तो आला तेथे आपण नेहमी 'फक्त' असे वाचतो. साहेबांच्या टेबलावर यादी तयार होती. आठ वर्षांपूर्वीचे जे जे होते त्या पोत्यांवर लाल रंगाने 'नाश' असे लिहायचे, संचालक मंडळाचा ठराव झाला की यंत्रातून त्याच्या पट्ट्या करायच्या आणि लगद्याला पाठवायचे. पूर्वी म्हणे असले कागद रद्दीत जात. मी लहानपणी शेंगदाण्याच्या पुडीवर कोणाच्या तरी बचत खात्याची शिल्लक वाचल्याचे मला आठवते. सत्तावीस रुपये चाळीस पैसे. तेव्हा मला त्या माणसाची कीव आली होती.

या खोलीचे धनी होते रेकॉर्डवाले काका. शिपाई म्हणून लागले, रेकॉर्डकीपर म्हणून निवृत्त व्हायचे होते. त्यांची जन्मतारीख १ जून. आमच्या भागात त्या पिढीतल्या निम्म्या माणसांची जन्मतारीख १ जून आहे. शाळेत नाव घालताना खरी तारीख कोणाला माहीत नसे आणि गुरुजींना शाळा सुरू व्हायच्या हिशेबाने ती सोयीची पडे. त्यामुळे काका ३१ मे रोजी निवृत्त होणार होते. आम्ही काम सुरू केले ६ मे रोजी. म्हणजे हातात पंचवीस दिवस, त्यांतले रविवार वजा.

पहिल्या आठवड्यात आम्हा मुलांना काकांची मांडणी म्हणजे गोंधळ वाटला. खाते क्रमांकाचा पत्ता नाही, साल एका ठिकाणी नाही. १९६८ च्या शेजारी १९९१. नवी पद्धत अगदी सरळ होती. प्रत्येक पेटाऱ्यावर पट्ट्यापट्ट्यांची खूण, संगणकात तिच्यासमोर खात्यांचे क्रमांक 'पासून-पर्यंत' आणि साल. स्कॅनिंगवाल्या कंपनीचा मुलगा फार हुशार होता. तो म्हणाला, "क्रमांक टाका, तीन सेकंदांत पेटारा सापडेल." काका त्याच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "आन् नंबर म्हाईत नसंल तर?"

काकांनी दप्तर लावले होते पाण्यावर. हे मला समजायला दहा दिवस लागले. उजव्या हाताच्या मांडण्या म्हणजे नीरा उजव्या कालव्याखालची गावे: साखरवाडी, होळ, गुणवरे, आसू. तेथली कर्जे उसाची. कारखान्याच्या बिलातून वसूल होणारी, आणि त्यांच्या नोंदी गळीत हंगामाच्या पुढेमागे. डाव्या हाताला कालव्यावरची, म्हणजे ज्यांच्या शिवाराला त्या काळी कालव्याचे पाणी चढत नव्हते अशी गावे: गिरवी, आदर्की, उपळवे, ताथवडा. तेथली कर्जे विहिरीची, मोटारीची, शेळ्यांची. वसुली पावसावर, म्हणजे बहुतेकदा थकीत. मधल्या मांडण्या शहराच्या, पेठेपेठेने. आणि प्रत्येक गावात पुन्हा भावकीने. असा हिशेब कोणी शिकवलेला नव्हता. एखादा माणूस दारात येऊन काय सांगू शकतो, यावरून तो आपोआप घडत गेला होता. माणूस गाव सांगतो, बापाचे नाव सांगतो, कशासाठी कर्ज काढले ते सांगतो, आणि दुष्काळाच्या आधी की नंतर ते सांगतो. खाते क्रमांक सांगणारा माणूस जुन्या कागदासाठी येतच नाही. त्याच्याकडे कागद असतोच.

मला वाटते, आमच्या नव्या व्यवस्थेत येथेच एक मोठी फट होती. काकांचे दप्तर मांडणीवर होते, पण त्याची सूची काकांच्या डोक्यात होती. एकदा कागद पेटाऱ्यांत क्रमाने बसले की, ती जुनी सूची निरुपयोगी होणार होती आणि नवी सूची अशा प्रश्नाचे उत्तर देणार होती जो कोणी विचारणार नव्हते. साहेबांना मी हे सांगितले तेव्हा ते माझ्यावर रागावले नाहीत. "असं म्हणतोस? मग लिहून काढ त्यांच्याकडून," एवढेच म्हणाले. तेव्हापासून दुपारी तीन ते पाच मी वही घेऊन काकांच्या समोर बसू लागलो. गाव, भावकी, साल, कर्जाचे कारण, वहीचा क्रमांक, नवा पेटारा. काका डोळे मिटून सांगत आणि मध्येच एखाद्या नावापाशी थांबत. ते का थांबले हे विचारायचे नसते, हे मी लवकर शिकलो. बँकेच्या रेकॉर्डकीपरला तालुक्याच्या इज्जतीचे बरेच काही ठाऊक असते.

सोळा की सतरा तारखेला एक आजी आल्या. उपळव्याकडच्या. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत सात-बारा. नवरा वारलेला, दोघा मुलांत वाटणी करायची होती आणि सात-बाराच्या 'इतर हक्क' या रकान्यात बँकेचा बोजा होता. कर्ज फेडून तीस वर्षे झाली, असे आजींचे म्हणणे. "ह्यांनी सोता येऊन भरल्यात लेकरा. मी संगं हुते. पर तलाठी म्हनतो, बँकेचा कागद आन." घरची पावती पत्र्याच्या पेटीत होती, तिला कसर लागली. बँकेच्या संगणकात १९९९ च्या आधीचे काही नव्हते. तेथे ते खाते कधी अस्तित्वातच नव्हते. म्हणजे महसूल दप्तर म्हणते कर्ज आहे, संगणक म्हणतो असे कर्ज कधी झालेच नाही, आणि दोहोंच्या मध्ये आजी.

हा प्रकार आपल्याकडे काही विरळा नाही. सहकारी संस्थेचे कर्ज घेताना शेतकरी जमिनीवर इकरार लिहून देतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या अठ्ठेचाळिसाव्या कलमाने त्या जमिनीवर संस्थेचा बोजा बसतो आणि तलाठी त्याची नोंद घेतो. कर्ज फिटले की बेबाकीचा दाखला न्यायचा आणि नोंद कमी करून घ्यायची. पहिल्या खेपेला सगळे जातात, कारण त्याशिवाय पैसे मिळत नाहीत. दुसऱ्या खेपेला पुष्कळजण जात नाहीत. कर्ज फिटल्याचा आनंद एवढा असतो की, कागदाची आठवण राहत नाही. ती आठवते मुलांच्या वाटणीच्या वेळी.

काकांनी आजींना खाली बसवून पाणी दिले. मग विचारू लागले. "कशापाय काढलंतं?" विहीर खोल करायला आणि मोटारीला. "जामीन कोन हुतं?" आजींनी चुलत दिराचे नाव सांगितले. "मोटर दुष्काळाच्या फुडं घेतली का मागं?" मागं. बस्स. काका उठले, आणि उठून उभेच राहिले, कारण ती वही आता मांडणीवर नव्हती. उपळव्याच्या जुन्या खतावण्या आदल्याच दिवशी आम्ही पोत्यांत भरल्या होत्या. लाल रंग अजून ओला होता.

तीन पोती मोकळी केली. वही तिसऱ्यात निघाली. काकांनी जामीनदाराच्या नावावरून पान काढले, कर्जदाराच्या नव्हे. कारण आजींच्या यजमानांचे नाव त्या गावात आणखी चौघांचे होते. बारा हजारांचे कर्ज. हप्ते वेडेवाकडे, दोन वर्षे काहीच नाही, मग एकदम मोठी रक्कम, आणि मार्च १९९३ मध्ये तांबड्या शाईत 'खाते बंद', शेजारी त्या वेळच्या व्यवस्थापकांची सही. वरच्या कोपऱ्यात 'निशाणी डावे हाताचा अंगठा'. तो अंगठा आजींनी ओळखला असे मी म्हणणार नाही. अंगठे कोणी ओळखू शकत नाही. पण त्यांनी पानावरून हात फिरवला आणि मला म्हणाल्या, "त्या साली बैल इकला हुता." मोठी रक्कम कोठून आली ते मला त्यामुळे कळले. खतावणीत ते लिहिलेले नव्हते.

नियमाने ती वही २००१ सालीच नष्ट करता आली असती. ती वाचली ती कोणाच्या दूरदृष्टीने नव्हे, शुद्ध आळसाने. तेवीस वर्षे कोणाला पोती भरायला सवड झाली नाही, म्हणून आजींची वाटणी अडली नाही. मला हे फार विचित्र वाटले. आम्ही जे करायला आलो होतो ते सगळे शहाणपणाचे होते: कोरडी खोली, लोखंडी मांडण्या, खुणांचे पेटारे. आणि त्या शहाणपणाने आठवड्याभरात तो आळस संपवला असता.

त्या दिवशी संध्याकाळी साहेबांनी यादी पुन्हा काढली. ते नियमांना धरून चालणारे गृहस्थ, पण कोत्या मनाचे नव्हेत. त्यांनीच मला दुसरा एक नियम दाखवला. दहा वर्षे ज्या ठेवींवर कोणी दावा केला नाही, त्या २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जमा करायच्या असतात. त्यानंतरही ठेवीदार किंवा त्याचा वारस आला तर त्याच्या बँकेने पैसे द्यायचे आणि निधीतून मागून घ्यायचे. आणि अशा खात्यांचे कागद कायमचे जपायचे. आठ वर्षे नव्हे, कायमचे. "म्हणजे ठेवीदाराचा वारस कधीही येईल हे धरलेलं आहे," साहेब म्हणाले, "कर्जदाराचा वारस येईल हे कुणी धरलं नाही." जमिनीवर बोजा असलेल्या कर्जांच्या खतावण्या व बेबाकीच्या नोंदी 'नाश'मधून काढाव्यात, असा प्रस्ताव त्यांनी मंडळापुढे ठेवला आणि तो मंजूर झाला. बचत खात्यांची व्हाउचरे, पैसे भरण्याच्या चिठ्ठ्या, चेकबुकांच्या पावत्या गेल्या. त्यांचे मला वाईट वाटले नाही. सर्वच जपू म्हणणारा माणूस काहीच जपत नाही. त्याच्याकडे फक्त ढीग असतो.

मग प्रश्न आला स्कॅनिंगचा. एकदा सगळ्याचे फोटो निघाले की कागद कशाला, असे एका संचालकांचे म्हणणे. १८९१ च्या एका कायद्याने बँकेच्या पुस्तकातील उताऱ्याची प्रमाणित नक्कल कोर्टात पुरावा म्हणून चालते; मूळ वही घेऊन हेलपाटे घालावे लागत नाहीत. २००० साली माहिती तंत्रज्ञान कायदा आला तेव्हा संगणकातल्या नोंदींनाही त्यात जागा मिळाली. पण अशा नोंदीबरोबर ती कोणत्या यंत्रातून, कशी निघाली याचा दाखला जोडावा लागतो. साहेबांनी थोडक्यात निकाल दिला: शोधायला फोटो, सिद्ध करायला कागद.

या वादात कपाटाच्या तळाशी सापडलेल्या एका डब्याने भर घातली. त्यात होत्या नव्वदीतल्या फ्लॉप्या. पहिला संगणक आला तेव्हा मोठ्या कौतुकाने दर महिन्याची शिल्लक त्यांच्यावर उतरवून ठेवली होती. लेबलांवर सुवाच्य अक्षरात महिने लिहिलेले. आता त्या वाचणारे यंत्र फलटणमध्ये मिळेना. पुण्याहून एक आणले, तर तीसपैकी चार उघडल्या आणि त्यांतल्या फायली ज्या प्रणालीत होत्या ती प्रणाली कोणाकडे नाही. स्कॅनिंगवाला मुलगा बराच वेळ गप्प होता. शेजारीच १९५८ सालची रोजकीर्द पडली होती. ती मी उघडली आणि वाचली. तिला वीजही लागली नाही. अर्थात मी कागदाचा भाबडा भक्त नाही. ओल्या भिंतीलगतची ती मांडणी मी स्वतः उचलली आहे. परंतु नवे आले की जुने सुटले असे मानण्याची जी घाई आपल्याला होते, तिच्यावर तो डबा मोठा मार्मिक वाटला.

बँकांचे कागद म्हणजे इतिहासाचे साधन, ही गोष्ट आपल्याकडे उशिरा मान्य झाली. रिझर्व्ह बँक १९३५ साली सुरू झाली आणि तिचे स्वतःचे अभिलेखागार १९८१ मध्ये पुण्यात, कृषी बँकिंग महाविद्यालयाच्या आवारात उभे राहिले. एवढ्या मोठ्या संस्थेला जर सेहेचाळीस वर्षे लागली, तर आमच्यासारख्या तालुक्याच्या गावाने लाजायचे कारण नाही. पण लहान बँकांच्या कागदांना एक वेगळे भय आहे. सांगली बँक १९१६ ची, सातारची युनायटेड वेस्टर्न बँक १९३६ ची. दोघींच्या पाट्या २००६-०७ मध्ये उतरल्या. एक आयडीबीआयमध्ये विलीन झाली, दुसरी आयसीआयसीआयमध्ये. ठेवी, कर्जे, कर्मचारी सगळे कायदेशीरपणे नव्या धन्याकडे गेले. खाते तर जातेच. पण कोणत्या भावकीचे कोणत्या वहीत, हे ज्याला ठाऊक तो माणूस त्या कराराच्या कोणत्याच परिशिष्टात नसतो. आमच्या प्राध्यापकांनी एकदा वर्गात सांगितले होते की, संस्थाने विलीन झाली तेव्हाही, म्हणजे १९४८ साली फलटण संस्थान मुंबई राज्यात गेले त्या सुमाराला, दप्तरे हलली. आणि दप्तर हलताना जो दप्तरदार हलत नाही त्याच्याबरोबर अर्धे दप्तर मागे राहते. त्या वेळी मी ते वाक्य परीक्षेत उपयोगी पडेल म्हणून टिपून घेतले होते.

वही पूर्ण झाली नाही. कालव्यावरची गावे सगळी झाली, कालव्याखालची बरीचशी झाली, शहराच्या पेठा निम्म्या राहिल्या. ३१ मे हा शुक्रवार होता. दुपारी चार वाजता काकांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचे घड्याळ देण्यात आले, भाषणे झाली, काकांनी दोन वाक्ये बोलून हात जोडले. त्यानंतर ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मलठणचं ऱ्हायलं की रं." जूनमध्ये मी तीन रविवार त्यांच्या घरी गेलो. बाहेर ओट्यावर बसून मलठण झाले. काकू चहा देत आणि म्हणत, चाळीस वर्षे बँकेत दिली, आता घरचे काय कुठे ठेवले ते विचारले तर सांगता येत नाही यांना.

सूचीच्या वहीच्या तीन प्रती केल्या. एक कॉम्पॅक्टरच्या पहिल्या मांडणीवर साखळीने बांधली आहे, दुसरी साहेबांच्या कपाटात, तिसरी संगणकात टंकून, त्यात नावांच्या निरनिराळ्या लिहिण्याच्या तऱ्हा घालून. कारण 'ताराबाई' हे नाव एकाच वहीत तीन प्रकारे लिहिलेले आम्हाला मिळाले होते, आणि संगणकाला ती तीन माणसे वाटत होती. काकांच्या जागी आता एक ताई आल्या आहेत. त्या वाणिज्य शाखेच्या पदवीधर आहेत, त्यांना मोडी येत नाही, पण कोणी आले की त्या आधी गाव विचारतात आणि मग जामीनदार.

आजींना बेबाकीचा दाखला मिळाला तो त्याच आठवड्यात. दाखला घेऊन तलाठ्याकडे अर्ज, मग फेरफाराची नोंद, मग पंधरा दिवसांची नोटीस, मग मंडल अधिकाऱ्यांची मंजुरी, असा तो रस्ता आहे. आजींच्या धाकट्या मुलाने मला गट क्रमांक सांगून ठेवला होता. सात-बारा आता संगणकावर पाहता येतो, म्हणून मी अधूनमधून महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बसलो की तो उघडून पाहत असे. जुलैत बोजा होता. ऑगस्टमध्ये होता. दिवाळीच्या सुट्टीआधी पाहिले, तर त्या ओळीला कंस झाला होता.